घाबरू नकोस म्हणण्याआधी

"घाबरू नकोस, सगळ्यांनाच येते." पहिल्यांदा पाळी आलेल्या मुलीला बहुतेक घरांत आधी हेच वाक्य ऐकायला मिळतं. म्हणणारी बाई मायेनंच म्हणते. आई असते, मावशी असते, नाहीतर शेजारची काकू. पण बोलताना तिचा आवाज खाली गेलेला असतो, स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असतं आणि ओसरीवर बसलेल्या वडिलांच्या कानावर काही जाऊ नये याची धडपड तिच्या चेहऱ्यावर दिसत असते. मुलगी शब्दांपेक्षा हे सगळं जास्त नीट ऐकते. इतकं लपवायचं म्हणजे नक्कीच काहीतरी वाईट घडलंय, हे तिला कळून चुकतं.

मी बरीच वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवलं. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या गावांतल्या शाळांमध्ये पाचवी ते सातवीच्या मुलींशी पाळीबद्दल बोलायला जाते. एवढ्या काळात एक गोष्ट मला मनापासून पटली आहे. रक्ताची भीती मुलींना फार थोडा वेळ वाटते. गुडघे फुटलेले असतात, विळीवर बोट कापलेलं असतं, रक्त त्यांच्या ओळखीचं असतं. भीती वाटते ती रक्त दिसल्यावर माणसं काय करतील याची. ही भीती खोटी नाही, तिला कारणं आहेत. म्हणून "घाबरू नकोस" असं म्हणून ती गप्प करण्याआधी "कशाची भीती वाटते ग?" एवढं विचारावं. प्रत्येकीचं उत्तर वेगळं निघतं.

माझ्या आजीचं उत्तर असं होतं. तिचं लग्न १९३० च्या सुरुवातीला झालं, तेव्हा ती दहा वर्षांची होती. मुलीचं वय लग्नाला किमान १४ हवं असं सांगणारा शारदा कायदा १९२९ मध्ये झाला होता आणि १ एप्रिल १९३० पासून लागू होणार होता. त्याआधी उरकून घेऊ म्हणून देशभर बालविवाहांची एकच घाई उडाली. आजी त्या घाईतली नवरी. लग्नानंतर ती माहेरीच होती. सागरगोटे, झिम्मा, धाकट्या भावाला कडेवर घेऊन गावभर हिंडणं, सगळं चालू होतं. न्हाण आलं की सासरी पाठवायचं, ही रीत. मुलीला मखरात बसवायचं, ओटी भरायची, बायकांना जेवायला बोलवायचं, आणि मग गर्भाधानाचा मुहूर्त धरायचा.

आजीनं पहिला डाग लपवला. पहाटे सगळ्यांच्या आधी विहिरीवर जाऊन परकर धुतला आणि ओलाच नेसली. पुढच्या महिन्यातही तेच. तिसऱ्या वेळी चुलतीनं पाहिलं. आजी म्हणायची, "मला ठाऊक होतं, डाग दिसला की घर सुटणार." तिला पाळीबद्दल कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण पाळीनंतर काय होतं हे तिनं मोठ्या बहिणीच्या वेळी डोळ्यांनी पाहिलं होतं. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीनं केलेला तो हिशेब अगदी बरोबर होता.

तिच्या आधीच्या पिढ्यांत तर याहून वाईट होतं. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला, शरीरसंबंधाला संमतीचं वय १० वरून १२ वर आलं, तेव्हा पुण्या-मुंबईत केवढं वादळ उठलं. विरोधकांचा एक मुद्दा असा होता, की पाळी बाराव्या वर्षाआधी आली तर गर्भाधान संस्कार वेळेवर होणार नाही. मुलीच्या पहिल्या पाळीची चर्चा भर सभांमध्ये आणि वर्तमानपत्रांतून पुरुष करत होते. ज्यांच्या देहाबद्दल हे चाललं होतं त्या मुलींचा आवाज त्यात कुठे होता? अकराव्या वर्षी लग्न झालेल्या रखमाबाई नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही म्हणून त्याआधी काही वर्षं कोर्टात उभ्या राहिल्या होत्या, पण तशा त्याच.

पुढे आईच्या वेळी पाळी आली म्हणून कुणी सासरी धाडलं नाही, शाळा मात्र सुटली. माझी शाळा सुटली नाही, कबड्डी सुटली. माझ्या भाचीचं काहीच सुटलं नाही, तरी तिला सांगताना माझ्या बहिणीचा आवाज आजीइतकाच खाली गेला. शिक्षा पिढीगणिक कमी होत गेली, कुजबुज मात्र जशीच्या तशी राहिली. आजीच्या भीतीला जे कारण होतं ते कितीतरी घरांतून आज गेलेलं आहे. सगळ्याच घरांतून नाही, त्याकडे पुढे येते.

लहानपणी आमच्याकडे "आईला कावळा शिवलाय" असं सांगत. मागच्या पडवीत घोंगडी, वेगळं तांब्या-भांडं, चार दिवस तिथंच. मी लांबून बघायची आणि अंगणात कावळा उतरला की घरात पळायची. बाजूला बसण्याची बाजू घेणारी माणसं म्हणतात, त्यामुळे बायकांना विश्रांती मिळायची. मिळायची, हे खरं आहे. आजीही म्हणायची, की बाकी वर्षभर पाठ टेकायला मिळत नसे. पण दमलेल्या बाईला कुणी शिवू नये असं ठरवल्याशिवाय तिला पाठ टेकू देता येत नसेल, तर त्या घरातल्या कामाच्या वाटणीबद्दल बोलायला हवं. गडचिरोलीतल्या माडिया गोंड गावांमध्ये आजही बायका पाळीच्या दिवसांत गावाच्या कडेला कुर्माघरात जाऊन राहतात. पावसाळ्यात अशा झोपडीत रात्र काढणाऱ्या मुलीला सापाची भीती वाटते, अंधाराची वाटते. त्या भीतीवर तक्ते दाखवून आणि भाषणं देऊन काय होणार? तिला पक्कं छप्पर, दिवा, कडी लागणारं दार हवं, आणि जायचं की नाही हे ठरवायचा हक्क हवा.

विटाळाबद्दल आपल्या भाषेत इतकं स्वच्छ बोलून ठेवलेलं आहे, की मला आश्चर्य वाटतं ते आपल्या कानापर्यंत कसं पोचत नाही. चौदाव्या शतकात संत चोखामेळ्याची बायको सोयराबाई विचारून गेली, "विटाळावांचोनि उत्पत्तीचें स्थान । कोण देह निर्माण नाहीं जगीं ॥" मंदिराच्या आत पाऊल टाकायची ज्या बाईला मुभा नव्हती, तिनं देवासमोर हे म्हटलं. तिच्या अभंगात जातीचा विटाळ आणि बाईच्या देहाचा विटाळ एकत्रच तपासलेले आहेत.

आणि आज? गौरी-गणपती जवळ आले, घरात लग्न निघालं, पंढरपूरला जायचं ठरलं, की बायका मेडिकलच्या दुकानात जाऊन पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मागतात. चिठ्ठी कुणाचीच नसते. शेजारणीनं नाव सांगितलेलं असतं. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन नावाचं संप्रेरक असतं. ते चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते. डॉक्टरांना विचारून, कधीतरी, निरोगी बाईनं घेतलं तर बिघडत नाही. पण रक्ताच्या गुठळीचा त्रास होऊन गेलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईनं घेणं धोक्याचं आहे, आणि दुकानात हे तिला कुणी विचारत नाही. गौराईचं आगमन बाईच्याच हातून होतं, तिला जेवू घालणारी बाईच, आणि देहाची एक नेहमीची घटना त्या दिवशी घडू नये म्हणून औषध घेणारीही तीच. याचं मला फार वाईट वाटतं. देवाची भीती म्हणून सांगतात, पण खोदून विचारलं की सासूबाई काय म्हणतील, जाऊ काय म्हणेल, इथवर येऊन ती थांबते.

शाळेत गेले की मी मुलींना कोऱ्या चिठ्ठ्या देते. नाव लिहायचं नाही, जे विचारायचं ते विचारा. त्यातले प्रश्न वाचताना कळतं, की आपण मोठी माणसं भलत्याच प्रश्नांची उत्तरं देत बसलेलो असतो. "दर महिन्याला रक्त गेलं तर अंगातलं संपणार नाही का?" या प्रश्नानं कितीतरी मुली रात्री जाग्या राहिलेल्या असतात. मग मी चमचा आणि पाणी घेऊन दाखवते. एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे. मोठ्या बाईच्या अंगात चार-पाच लिटर रक्त असतं आणि गेलेलं भरून काढायचं काम शरीर सतत करत असतं. पॅडवर पसरलेलं असतं म्हणून ते पुष्कळ वाटतं. वर्गात एकदम सुटकेचा आवाज होतो.

दुसरी नेहमीची चिठ्ठी: "रंग लाल नव्हता, तपकिरी होता, मला वाटलं शी झाली." हे कुठल्या आईनं मुलीला सांगितलेलं असतं? पहिली पाळी अनेकींची तपकिरी डागाचीच असते, कारण थोडंसं रक्त हळूहळू बाहेर येताना काळपट पडतं. मुलीला वाटतं आपण कपडे घाण केले, आता मार बसणार. त्याच्या पुढची चिठ्ठी: "एकदा आली, नंतर तीन महिने आलीच नाही." पहिली दोन-तीन वर्षं मेंदू आणि अंडाशय यांचं एकमेकांशी जुळायचं असतं, दर महिन्याला बीज सुटतंच असं नाही, म्हणून २१ पासून ४५ दिवसांपर्यंत काहीही अंतर पडू शकतं. मध्ये तीन महिन्यांहून जास्त गेले तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. आणि जी मागे बसते, चिठ्ठी अगदी बारीक घडी घालून देते, तिची: "सगळ्यांची आली, माझी नाही, मी मुलगी आहे ना?" पंधरावं संपेपर्यंत आली नाही तर तपासून घ्यायचं, तोवर प्रत्येकीचं घड्याळ आपापलं चालतं. हे तिला वर्गादेखत सांगायचं नसतं, म्हणून सगळ्यांनाच सांगते.

लोणचं, पापड, तुळस यांच्या चिठ्ठ्या येतातच. ही समजूत आपल्याकडचीच आहे असं मुलींना वाटतं. मी त्यांना बेला शिक यांची हकीकत सांगते. व्हिएन्नातले नामांकित डॉक्टर. घरकामाला असलेल्या बाईनं पाळीत हात लावलेली फुलं कोमेजली असं त्यांना वाटलं, आणि १९२० मध्ये त्यांनी पाळीच्या वेळी बाईच्या अंगात एक विष तयार होतं असं जाहीर केलं. त्याला नावही दिलं. नंतरच्या तपासण्यांत असं विष काही टिकलं नाही. प्रयोगशाळेतला माणूससुद्धा कुजबुजीत वाढलेला असतो, हे मुलींना पटकन कळतं. मग एखादी म्हणते, "बाई, मी या वेळी मुद्दाम बरणीत हात घालून बघते." मी म्हणते, हात स्वच्छ आणि कोरडा कर, एवढंच.

सांगायचं कधी, हे आया विचारतात. छाती वाढायला लागल्यापासून पहिली पाळी यायला साधारण दोन-अडीच वर्षं लागतात. अंगावरून पांढरं जायला लागलं की बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षभरात येते. शरीर आधी सूचना देतं. म्हणजे नववं-दहावं वर्ष. आल्यावर सांगणं म्हणजे मुलीनं एकटीनं घाबरून घेतल्यानंतर सांगणं.

दुखण्याबद्दल मला जरा थांबून बोलायचं आहे, कारण इथे "घाबरू नकोस" सगळ्यात जास्त नुकसान करतं. पोटात कळ येते याचं कारण अस्तरात तयार होणारी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं. ती गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात, आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून त्या दिवसांत काही जणींना जुलाब, मळमळ होते. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड यांसारख्या गोळ्या ही द्रव्यं तयार होणंच कमी करतात. त्यामुळे डॉक्टरांना विचारून, जेवणानंतर, दुखायला लागताच घेतलेली गोळी उपयोगी पडते, दिवसभर दात-ओठ खाऊन रात्री घेतलेली तितकी नाही. "गोळीची सवय लागते", "पुढे मूल होणार नाही" या भीतीनं आया मुलींना गोळी देत नाहीत. तसं काही होत नाही. आणि जिला गोळी घेऊनही उठता येत नाही, शाळा बुडते, उलट्या होतात, तिला "लग्न झालं की थांबेल" म्हणून परत पाठवणं हा अन्याय आहे. एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार, साधारण दहातल्या एका बाईला असतो आणि त्याचं निदान व्हायला वर्षानुवर्षं लागतात, कारण दुखतंय यावर आधी घरातच कुणी विश्वास ठेवत नाही. दुखणं खरं आहे असं म्हटल्यावर मुलीची अर्धी भीती तिथंच उतरते, हे मी पाहिलं आहे.

आता बीड. दिवाळीच्या आगेमागे तिथल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होतात, माणसं ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. एक दिवस खाडा पडला तर दंड. पहाटे चारला फडात, रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आला तर मोळ्या भरायच्या, कोपीत ना संडास ना न्हाणी. अशा ठिकाणी पाळीची भीती म्हणजे मजुरीची भीती. त्यात अंगावरून जास्त जायला लागलं, पांढरं जायला लागलं, की डॉक्टर म्हणणार "पिशवीला सूज आहे, कॅन्सर होईल". बाई म्हणते, काढून टाका. २०१९ मध्ये हे बाहेर आल्यावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. तिशी-पस्तिशीतल्या बायकाही त्यांत होत्या. बरोबर अंडाशयही काढले गेले तर बाई एका रात्रीत म्हातारपणात ढकलली जाते, हाडं ठिसूळ होतात, अंगाची लाही होते, आणि पुन्हा त्याच अंगानं मोळी उचलायची असते.

त्याच पट्ट्यात मुलीला पाळी आली की आई-बाप लग्नाची घाई करतात. सहा महिने आपण फडावर, पोरीला घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? आणि लग्न झालं की नवा कोयता तयार. माझ्या आजीनं १९३० च्या दशकात केलेला हिशेब तिथली मुलगी आजही करते. तिला मी कुठल्या तोंडानं म्हणू, की पाळी ही नैसर्गिक गोष्ट आहे, घाबरायचं काय त्यात? तिच्या भीतीचं औषध शाळेचं वसतिगृह आहे, फडाजवळचं शौचालय आहे, खाड्याचा दंड बंद होणं आहे.

शहराजवळ आलं म्हणजे सगळं सुधारतं असंही नाही. जुलै २०२५ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या शहापूरमध्ये एका शाळेच्या स्वच्छतागृहात रक्ताचे डाग दिसले, म्हणून पाचवी ते दहावीच्या मुलींना बोलावून पाळी कुणाला आहे हे विचारलं गेलं आणि काहींचे कपडे उतरवून तपासलं गेलं. मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्या मुलींनी काय शिकायचं यातून? आणि मे २०२३ मध्ये उल्हासनगरात एका भावानं बारा वर्षांच्या बहिणीच्या कपड्यांवर डाग पाहिला, भलताच संशय घेतला आणि तिला मारहाण करून जिवे मारलं. ती पहिली पाळी होती. मुलीला नीट सांगता आलं नाही, भावाला काहीच माहीत नव्हतं. ही बातमी वाचल्यावर मी ठरवलं, की आता मुलग्यांच्या वर्गाशी बोलल्याशिवाय शाळेतून बाहेर पडायचं नाही.

मुलगे पहिली पाच मिनिटं हसतात, एकमेकांना कोपरं मारतात. गर्भाशयाचं चित्र काढून रक्त कुठून येतं हे सांगायला लागलं की हसणं थांबतं. त्यांनाही भीती असतेच. आई आजारी आहे का, ती मरणार का, असं वाटून गेलेली मुलं मला भेटली आहेत, कारण न्हाणीत रक्त दिसलं आणि विचारायची सोय नव्हती. एका शाळेतले गुरुजी माझ्याआधीच हे सगळं शिकवत होते. प्रथमोपचाराच्या पेटीत त्यांनी पॅड ठेवले होते आणि किल्ली कुठे आहे हे मुलगे-मुली सगळ्यांना माहीत होतं. तिथल्या मुली "मागे बघ ना, काही लागलंय का" असं मैत्रिणीला एरवीच्याच आवाजात विचारायच्या. झाकणाची बादली, नळाला पाणी, दाराला आतून कडी, हेही त्यांनी पंचायतीच्या मागे लागून करून घेतलं होतं. माझ्या तासापेक्षा त्या कडीचा उपयोग जास्त आहे, असं मला अगदी प्रामाणिकपणे वाटतं.

आयांची बैठक मी शेवटी घेते. गेल्या हिवाळ्यात बैठक संपल्यावर एकजण मागे रेंगाळली. वय चाळिशीच्या जरा पुढे. मुलीबद्दल काही विचारायचं असेल असं मला वाटलं. तिनं दाराकडे बघत विचारलं, "बाई, माझं स्वतःचं विचारलं तर चालेल का?" तीन-चार महिने तिला दहा-दहा दिवस जात होतं, तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागत होती. नवऱ्याला सांगितलं नव्हतं, कारण त्याच्या बहिणीचं असंच झालं होतं आणि तिची पिशवी काढली होती. डॉक्टरकडे गेलं की कापतात, एवढंच तिला ठाऊक होतं. सात दिवसांहून जास्त जाणं, तासाभरात पॅड भिजणं हे अंगावर काढायचं नसतं, आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, आणि जास्त जाण्यावर गोळ्या असतात, गर्भाशयात बसवायचं संप्रेरकाचं साधन असतं, शस्त्रक्रिया हा पहिला उपाय नसतो, हे मी तिला सांगितलं. ग्रामीण रुग्णालयात बाईडॉक्टर कोणत्या वारी असतात ते कागदावर लिहून दिलं आणि त्या दिवशी बरोबर गेले.

हिमोग्लोबिन सात निघालं. सोनोग्राफीत गाठ नव्हती. आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला, तोही चांगला आला. लोहाची सलाईन आणि गोळ्या सुरू झाल्या, पिशवीला कुणी हात लावला नाही. पुढच्या खेपेला ती शाळेत आली तेव्हा मुलीची वही दाखवायला घेऊन आली होती. मुलीनं मागच्या पानावर रेघा मारून पाळीच्या तारखा लिहायला सुरुवात केली होती, एका रकान्यात स्वतःच्या, दुसऱ्यात आईच्या. पुढच्या तपासणीला डॉक्टरांना तीच वही दाखवायची, असं दोघींचं ठरलं होतं.